ओझोन बाटलीत, टीसीएल नळात

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी धामणगाव मागे टाकते, वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि पुलगावला येते. नदी, लोहमार्ग आणि कापूस यांनी घडवलेल्या या गावात, विदर्भातल्या बहुतेक लहान शहरांप्रमाणे, आज दोन तऱ्हेचे पिण्याचे पाणी आहे. सीलबंद बाटलीतले पाणी साधारणपणे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून गाळलेले असते आणि शेवटी त्यात ओझोन वायू सोडलेला असतो. नळाचे पाणी मात्र तुरटीने निवळवून, वाळूतून गाळून, क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले टीसीएल, घालून पाठवण्याची रीत आहे. हा फरक दिसला की त्याचे एक तयार उत्तर पुढे येते. बाजाराने नवे तंत्र आणले आणि नगरपालिका शंभर वर्षांपूर्वीच्या तंत्रावर बसून राहिली, असे ते उत्तर. ते अर्धेच खरे आहे. पाणी पिण्याजोगे करण्यात तीन वेगवेगळी कामे असतात. ते गाळावे लागते, त्यातले जंतू मारावे लागतात आणि पिणाऱ्याच्या तोंडी जाईपर्यंत ते राखावे लागते. मेम्ब्रेन पहिले काम उत्तम करते, ओझोन दुसरे. तिसरे काम दोघांनाही येत नाही. बाटलीत ते झाकण करते. नळात ते कोणी करायचे हा प्रश्न आपण नीट विचारलाच नाही, आणि नवे तंत्र बाटलीत अडकून पडण्याचे मुख्य कारण तिथे आहे. या खोऱ्यातल्या पाण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता आणि वऱ्हाड व वर्धा खोऱ्याच्या कापसाला मुंबई बंदराची वाट हवी होती. पुलगाव त्या वाटेवर वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे कापड गिरणी उभी राहिली, पुढे आर्वीकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे निघाली आणि नंतर लष्कराचे दारूगोळा भांडार आले. या साऱ्या व्यापाचा आरंभ वाफेवर झाला, आणि वाफेला पाणी लागते. पाणी जड असेल तर बॉयलरच्या नळ्यांत चुन्याचा थर बसतो, कोळसा जास्त जळतो, नळ्या तापून फुटतात. त्यामुळे पाण्याचा जडपणा मोजण्याची आणि ते मऊ करून घेण्याची निकड प्रथम इंजिनिअरांना भासली. लोहमार्ग आला तेव्हा पटकी कोणत्या जंतूने होते हे ठरायचे होते. रॉबर्ट कॉख यांनी ते कलकत्त्यात निश्चित केले ते १८८४ मध्ये. यंत्राच्या पाण्याची काळजी माणसाच्या पाण्याच्या आधी घेतली गेली, ही तक्रार म्हणून सहज मांडता येते. त्यामागचे कारण मात्र अधिक उपयोगाचे आहे. टाकीत भरल्यापासून बॉयलरमध्ये शिरेपर्यंत ते पाणी एकाच मालकाच्या ताब्यात होते. जो शुद्ध करणार तोच वापरणार, आणि बिघाडाचे नुकसानही त्याचेच. घरोघरच्या पाण्याला असा एकच धनी कधी नव्हता.

घरातले पाणी मात्र घरातल्या साधनांनी सांभाळले जात होते. वर्धा नदी सातपुड्यात, मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि काळ्या मातीच्या मुलखातून खाली येते. पावसाळ्यात तिचे पाणी इतके गढूळ होते की भांड्यात ठेवून रात्रभरही निवळत नाही, कारण काळ्या मातीचे कण फार बारीक असतात आणि एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटीचा खडा फिरवला किंवा निवळीची बी उगाळून घातली की हे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रातला पहिला टप्पा याच तत्त्वावर चालतो. मडक्याच्या तोंडावर पदर धरून पाणी ओतणे हेही भाबडे नव्हते. नारूचा रोग ज्या पाणपिसवांमधून पसरतो ते दुहेरी कापडात अडकतात. नारूचा भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला, त्या मोहिमेत गाळण्याच्या कापडाचा वाटा मोठा होता. बांगलादेशातल्या खेड्यांत रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने उतरले. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पटकीचा जंतू साडीतून आरपार जाईल इतका लहान आहे, पण तो पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव अडकतात. गाळण्याची ताकद इथे दिसते आणि मर्यादाही. निम्मे रुग्ण वाचले, निम्मे उरले.

उरलेल्यांसाठी मारण्याचा उपाय आला. १८९० च्या दशकात आग्र्याला असलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला आणि पुढे हे लाल औषध देशभरच्या विहिरींत पडत राहिले. पाण्याला गुलाबी छटा टिकेपर्यंत ते टाकत राहायचे, अशी रीत. रसायनाच्या दृष्टीने परमँगनेट, क्लोरीन आणि ओझोन एकाच कुळातले आहेत. तिघेही समोर येईल त्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतात. जंतू कोणता आणि पालापाचोळा कोणता हे त्यांना कळत नाही. विहिरीत गाळ, शेवाळ, कुजलेली पाने असली की औषध आधी त्यांच्यावर खर्च होते, जंतूंपर्यंत थोडेच पोहोचते, आणि दुसऱ्या दिवशी नवी घागर, नवा दोर, नवी घाण आत जातेच. म्हणून मारायचे असेल तर आधी गाळावे लागते, आणि मारून झाल्यावर राखावे लागते. ओझोन हे परमँगनेटपेक्षा कितीतरी जलद औषध आहे, पण त्यालाही हा नियम चुकलेला नाही.

गाळण्याचे सामर्थ्य युरोपने मोठ्या किमतीला शिकले. लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्समध्ये जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये वाळूचे मंद गाळणे सुरू केले. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसे दगावली. त्याला खेटून असलेले आल्टोना त्याच एल्बे नदीचे पाणी पीत होते, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, तरी तिथे साथ पसरली नाही. आल्टोना पाणी वाळूतून गाळत होते, हॅम्बुर्ग गाळत नव्हते. या गाळण्याचा प्रयोग पुलगावपासून फार दूर नाही झाला. नागपूरला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९७० च्या दशकात मंद वाळू गाळण्याची प्रात्यक्षिक केंद्रे देशातल्या काही खेड्यांत उभारली. त्यांतले एक नागपूर जिल्ह्यातल्या बोरुजवाड्याचे. अशा गाळण्यातून पाणी तासाला सुमारे १० सेंटिमीटर या गतीने खाली झिरपते. पहिले काही दिवस ते फारसे शुद्ध होत नाही. मग वाळूच्या माथ्यावर शेवाळ, जिवाणू आणि बारीक गाळ यांचा चिकट थर धरतो, तापल्या दुधावर साय धरते तसा, आणि खरे काम ही साय करते. ती जंतू अडवते आणि खातेही. काही आठवड्यांनी ती इतकी दाट होते की पाणी उतरेनासे होते, मग वरची बोटभर वाळू खरवडून काढावी लागते आणि नवी साय धरेपर्यंत थांबावे लागते. आजच्या मेम्ब्रेन केंद्राचे सगळे गुणदोष या सायीत आधीच दिसतात. जितके बारीक गाळाल तितके लवकर तुंबेल, आणि तुंबलेले साफ करणारा माणूस नसेल तर केंद्र बंद पडेल.

ओझोनची गोष्टही हॅम्बुर्गच्या साथीच्याच काळातली आहे, आणि ते आधुनिक तंत्र मानणाऱ्यांना तिचे वय चकित करील. बाझल येथे क्रिस्टियान शोनबाइन यांनी १८४० मध्ये हा वायू ओळखून त्याला नाव दिले. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये तो तयार करण्याचे उपकरण बनवले. दोन काचनळ्यांमधल्या अरुंद फटीतून हवा सोडायची आणि तिच्यात उच्च दाबाची वीज खेळवायची. ऑक्सिजनचे दोन अणूंचे रेणू फुटतात आणि काही तीन-तीन अणूंचे होऊन बाहेर पडतात. आजचा ओझोन जनरेटर तत्त्वतः तोच आहे. नेदरलँड्समधल्या औडशॉर्न येथे १८९३ मध्ये ऱ्हाइनचे पाणी गाळून त्यात ओझोन सोडणारे केंद्र सुरू झाले, म्हणजे आधी गाळणे आणि मग ओझोन ही जोडी आरंभापासूनची आहे. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहराने ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, अमेरिकेतल्या जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात नियमित क्लोरीन घालायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाने क्लोरीनचे कारखाने वाढवले, भाव पाडले, आणि ओझोन मागे पडला.

त्या स्पर्धेत क्लोरीन केवळ स्वस्ताईने जिंकला असे मानणे चूक होईल. ओझोन साठवता येत नाही. तो जागेवरच तयार करावा लागतो, त्याला अखंड वीज लागते आणि पूर्ण कोरडी हवा लागते. हवा दमट असली की ओझोन कमी निघतो आणि यंत्रात नायट्रिक आम्ल साचून धातू खाते. आषाढ-श्रावणातली विदर्भाची हवा आणि दोन दशकांपूर्वीचे इथले भारनियमन आठवले की हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. टीसीएल पोत्यात येते, गाडीवर चढते, वीज गेली तरी काम करते, आणि त्याचा एक गुण ओझोनमध्ये मुळीच नाही. ते मागे उरते. गावातल्या शेवटच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की क्लोरीन तिथवर पोहोचले हे जलसुरक्षकाला तिथल्या तिथे समजते. ग्रामपंचायतींच्या दप्तरात ही ओटी टेस्ट म्हणून ओळखली जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते. या शिल्लक क्लोरीनला फार किंमत आहे, कारण ते वाटेतल्या नव्या घाणीशी लढते आणि आपण हरलो हेही कळवते. रंग आला नाही तर काहीतरी बिघडले, इतके अगदी कमी शिकलेल्या माणसालाही समजते.

मेम्ब्रेनचा इतिहास याहून अलीकडचा. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९५९–६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा बनवला की ज्याचा वरचा अत्यंत पातळ थर मीठ अडवतो आणि खालचा जाड, सच्छिद्र थर त्याला आधार देतो. त्यामुळे दाबाखाली पुरेसे पाणी बाहेर येऊ लागले आणि आरओ व्यवहारात उतरले. कॅलिफोर्नियातल्याच कोअलिंगा या लहान गावात १९६५ मध्ये खारे पाणी गोड करणारे केंद्र उभे राहिले. आरओच्या जोडीला, विरघळलेले क्षार सोडून देणारी पण जंतू आणि गढूळपणा अडवणारी अल्ट्राफिल्ट्रेशनची मेम्ब्रेन आली. तिची छिद्रे मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून लहान असतात, साधारण जिवाणू एखाद्या मायक्रॉनचा असतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा मेम्ब्रेनचा लेप दिलेली कँडल विकसित केली, ती विजेविना चालते. आरओ आणि अल्ट्राफिल्ट्रेशन यांतला भेद विदर्भात फार महत्त्वाचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात किंवा यवतमाळमधल्या फ्लोराइडग्रस्त गावांत दोष पाण्यात विरघळलेला आहे, तिथे आरओ किंवा त्याच्या तोडीचा उपाय लागतोच. नदीच्या पाण्याचा मुख्य दोष गढूळपणा आणि जंतू हा असतो. त्याला आरओ लावणे म्हणजे आधी क्षार काढायचे, वाया गेलेले पाणी गटारात सोडायचे आणि नंतर चवीसाठी क्षार परत घालायचे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यावर आरओ वापरण्यास बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले ते याच कारणाने.

मग ओझोन आणि मेम्ब्रेन यांना एकत्र आणण्याची गरज का पडली? कारण क्लोरीनच्या दोन उणिवा उघड्या पडल्या. रॉटरडॅमच्या योहान्स रूक यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की पाण्यातल्या वनस्पतिजन्य द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी अपायकारक संयुगे तयार होतात. आणि १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात चार लाखांवर लोक आजारी पडले. कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, जो क्लोरीनला दाद देत नाही, गाळण्यातून निसटून नळात आला होता. ओझोन त्याला मारतो, आणि चार ते सहा मायक्रॉनचा तो जीव मेम्ब्रेनमधून जाऊ शकत नाही. मिलवॉकीने १९९८ मध्ये ओझोन आणला. सिंगापूरच्या चोआ चू कांग केंद्रात ओझोन आणि चिनी मातीच्या जातीची सिरॅमिक मेम्ब्रेन एकत्र काम करतात. तिथे ओझोन आधी येतो. पडद्यावर चिकटणारी सेंद्रिय द्रव्ये तो तोडतो, त्यामुळे पडदा तुंबायला वेळ लागतो. हाच क्रम आरओला लावला तर घात होतो, कारण आरओची नेहमीची मेम्ब्रेन पॉलिअमाइडची असते आणि ओझोन तिलाच खातो. तिथे ओझोन शेवटी, मेम्ब्रेनच्या पलीकडे सोडावा लागतो. चेन्नईत सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना पुरवणाऱ्या केंद्रांत अल्ट्राफिल्ट्रेशन, मग आरओ आणि शेवटी ओझोन असा क्रम आहे. क्रमाइतकेच मधल्या टप्प्यालाही जपावे लागते. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये डासानी या बाटलीबंद पाण्याच्या सुमारे पाच लाख बाटल्या परत मागवाव्या लागल्या. नळाचे पाणी आरओतून काढून त्यात कॅल्शियम क्लोराइड घातले होते, त्यात ब्रोमाइडचा अंश होता, आणि नंतर सोडलेल्या ओझोनने त्याचे ब्रोमेट केले. ब्रोमेटची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, ती ओलांडली गेली. पडदा आणि ओझोन दोन्ही ठीक चालू असताना पाणी अपायकारक झाले, कारण चूक दोघांच्या मधल्या चिमूटभर क्षारात होती.

भारतात ही जोडी प्रामुख्याने बाटलीच्या वाटेने लोकांपर्यंत आली. बिसलेरी १९६५ मध्ये मुंबईत आली, १९६९ मध्ये पारलेने ती विकत घेतली, आणि बाटलीबंद पाणी चैनीच्या वस्तूपासून हळूहळू प्रवासाची गरज झाले. २००१ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ही सक्ती २०२४ मध्ये उठली आणि त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत घातले. बाटली भरण्याच्या साध्या केंद्रात जा, तिथला क्रम सारखाच दिसेल. बोअरचे पाणी वाळूच्या आणि कार्बनच्या टाक्यांतून, मग धाग्याच्या कार्ट्रिजमधून, मग आरओच्या नळकांड्यांतून जाते. शेवटी स्टीलच्या टाकीत त्यात ओझोनचे बुडबुडे मिसळले जातात, आणि वीज कडाडल्यावर हवेत येतो तसा उग्र वास तिथे दरवळतो. त्या पाण्यातच बाटली धुतली जाते, भरली जाते, झाकण बसते. ओझोन बाटलीच्या आतली बाजू आणि झाकणही निर्जंतुक करतो आणि मग स्वतः विरून ऑक्सिजन होतो. ग्राहकाला चव नाही, वास नाही. ओझोन टिकत नाही हा दोष इथे गुण ठरतो, कारण पुढची राखण झाकणाकडे सोपवलेली आहे. बॉयलरच्या पाण्यासारखेच हे पाणी वापरापर्यंत एकाच बंद वाटेत राहते.

नळाची वाट बंद नसते. विदर्भातल्या कितीतरी शहरांत नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतात, तेही तास-दोन तास. उरलेला वेळ जमिनीखालची पाइपलाइन रिकामी किंवा अर्धी भरलेली असते. पाणी आले की घरोघरी टिल्लू पंप सुरू होतात. जे येईल ते ओढून घेण्याच्या या धडपडीत लाइनमध्ये पोकळी तयार होते, आणि नळजोडणीचा सांधा गटाराच्या कडेने गेला असेल तर त्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. शुद्धीकरण केंद्रातून कितीही निर्मळ पाणी निघाले तरी तिसऱ्या गल्लीत ते पुन्हा नदीचे पाणी होते. ओझोन इथे काहीच करू शकत नाही. स्वच्छ पाण्यातही साधारण अर्ध्या तासात तो निम्मा उरतो, आणि पाणी तापलेले असेल तर त्याहून लवकर जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या मुलखात उन्हात तापलेल्या जलकुंभातून निघालेल्या पाण्यात तो शेवटच्या घरापर्यंत टिकणे अशक्य. म्हणून नगरपालिकेच्या नळात टीसीएल आहे ते निव्वळ मागासलेपणामुळे नाही. फुटक्या, अधूनमधून रिकाम्या होणाऱ्या पाइपलाइनला जी राखण थोडीफार शक्य आहे, ती तेवढीच करते.

यावर एक आक्षेप असा की क्लोरीनशिवायही शहरे चालतात. ॲमस्टरडॅमने १९८३ पासून वितरणातला क्लोरीन बंद केला, आणि तिथे पाण्यात ओझोन सोडला जातो. हे खरे आहे आणि माझ्या म्हणण्याला ते पुष्टीच देते. तिथल्या पाइपलाइनमध्ये पाण्याचा दाब चोवीस तास असतो, गळती अत्यल्प असते, त्यामुळे बाहेरची घाण आत शिरायला वाट मिळत नाही. राखण तिथे दाबाने केली आहे. शिवाय त्यांच्या लायडाउन केंद्रात ओझोन आणि कार्बन यांच्यानंतर शेवटचा टप्पा मंद वाळू गाळण्याचा आहे, बोरुजवाड्यात होता त्याच जातीचा. दुसरा आक्षेप असा की मग घरोघरी आरओ आणि चौकाचौकांत जार पोहोचले की प्रश्न सुटला. तो सुटत नाही, कारण राखणीविना पडदाही फसवतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने खासगी आरओ केंद्रांचे पाणी तपासले. काही ठिकाणचे पाणी पिण्यायोग्य नसल्याचे आढळले आणि ती केंद्रे बंद करावी लागली. वेळेवर न बदललेले मेम्ब्रेन, न धुतलेला जार, उघडी तोटी, यांपैकी काहीही पुरेसे असते. आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीनचा अंश नसतो, म्हणून एकदा जंतू शिरला की त्याला अडवणारे कोणी उरत नाही. लग्नाकार्यात येणाऱ्या थंड पाण्याच्या कॅम्परला तर सीलही नसते. बाटलीचे तंत्र घेतले आणि बाटलीचे झाकण सोडून दिले, असा हा प्रकार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चोवीस तास दाबाने पाणी देणे श्रीमंत शहरांचे काम, लहान नगरपालिकेच्या आवाक्यात ते कुठून येणार? याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. कराडजवळच्या मलकापूरने, लोकसंख्येने पुलगावच्याच बरोबरीच्या तीसेक हजारांच्या गावाने, जीवन प्राधिकरणाच्या मदतीने पंधराएक वर्षांपूर्वी चोवीस तास पाणी सुरू केले. तिथे ओझोन नव्हता. नवी एचडीपीई पाइपलाइन, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापराप्रमाणे बिल, इतकेच होते. चोवीस तास नळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी अशी भीती असते. तिलाही मीटरच उत्तर देतो. नळ केव्हाही येणार म्हटल्यावर साठवण आणि शिळे पाणी ओतून देणे दोन्ही कमी होते, आणि टिल्लू पंपाला काम उरत नाही. नागपूरने २०१२ पासून चोवीस तास पाण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्याची गती, खर्च आणि खासगी कंपनीची भूमिका यांवर वाद झाले, ते होणारच. पण पाण्याचा झगडा शुद्धीकरण केंद्रातून पाइपलाइनमध्ये आणण्याची त्याची दिशा बरोबर होती.

या इतिहासातून पुलगावसारख्या गावाला कामाचा क्रम मिळतो. पहिला खर्च पाइपलाइनवर आणि मीटरवर व्हावा, कारण राखण नसेल तर पुढचे सगळे वाया जाते. त्यानंतर नदीच्या पावसाळी गाळाला तोंड देण्यासाठी वाळूच्या जोडीला अल्ट्राफिल्ट्रेशनचे मेम्ब्रेन यावे. ते क्रिप्टोस्पोरिडियमसारखे क्लोरीनला न जुमानणारे जीव अडवेल, क्षारांना हात लावणार नाही आणि आरओइतके पाणी वाया घालवणार नाही. ओझोन तिसरा. वरच्या अंगाच्या वस्त्यांचे सांडपाणी आणि शेतातली औषधे नदीत जितकी वाढतील तितकी त्याची गरज वाढेल, आणि तेव्हा केंद्रात तो क्लोरीनच्या आधी यावा, सेंद्रिय द्रव्ये तोडून क्लोरीनचा डोस कमी करण्यासाठी. टीसीएल मात्र शेवटी राहील, थोडे आणि मोजून. दाब चोवीस तास टिकतो आणि शेवटच्या नळाचे नमुने वर्षानुवर्षे निर्दोष येतात असे सिद्ध झाले तरच ते काढण्याचा विचार व्हावा, तोवर नाही. क्लोरीनच्या उपपदार्थांची भीती खरी आहे, पण जागतिक आरोग्य संघटनाही त्यांच्या धास्तीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका असेच सांगते. बाटलीने नळाला हरवले असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण बाटलीवर वितरणाची जबाबदारी कधी पडलीच नाही. ती जबाबदारी पेलणारी संस्था नगरपालिकाच आहे. म्हणून तिला ओझोन का नाही असे विचारण्याआधी, गल्लीतल्या शेवटच्या नळाला दाब किती आणि तिथे ओटी टेस्टचा रंग कोणता, हे दोन प्रश्न दर महिन्याला विचारले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे नगरपालिकेच्या फलकावर लागली पाहिजेत.